विळ्यांच्या मधलं मनात वाचावं

मुक्काम कळंब,
१० सप्टेंबर १९८७

तीर्थरूप आबामामा यांस,

भाचा गुलाबचा सविनय जयभीम. मामींना जयभीम, आणि ओट्यावर जमलेल्या सगळ्या खडकवाडीलाही जयभीम, कारण माझं पत्र आलं की ते एकट्या तुमच्यासाठी कधीच नसतं हे मला ठाऊक आहे. मी इथं खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे, आडात दोर किती खाली सोडावा लागतो, आणि कालवडीची पोत्याची सुतळी चघळायची खोड गेली का, ते कळवावं. हे पत्र कार्डावर न लिहिता बंद पाकिटात घातलं आहे. पोस्टमन पिराजीअण्णांनी वाईट वाटून घेऊ नये. कार्ड असलं की ते वेशीतच मजकूर सांगून टाकतात आणि कार्ड मागाहून पोचतं. त्यात सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी अलीकडं असं शिक्षण घेतलं आहे की उघड्या कार्डाची मला भीती वाटायला लागली आहे.

(मामी, तुम्हाला अक्षरं शिकवताना ही खूण दाखवली होती ती आठवा. दोन विळे समोरासमोर ठेवल्यासारखी. तेव्हा तुम्ही विचारलं होतं, या विळ्यांच्या मधलं मोठ्यानं म्हणायचं का मनात, आणि मी सांगितलं होतं, मनात. तो धडा आता उपयोगी आला. या पत्रात विळ्यांच्या मधलं जे असेल ते फक्त तुमच्यासाठी. ओठसुद्धा हलवू नका. हे पहिलंच तुम्ही मोठ्यानं वाचलं असेल तर माझी सगळी विद्या बुडाली. मग पत्र चुलीत घाला आणि ओट्यावर सांगा की शाई फुटली होती.)

तर मामा, आमच्या मांजराकाठ दूध संघात तीन कॉम्प्युटर आले हे तुम्ही पाहिलंच आहे. एक ऑफिसात, एक दूध तपासायच्या खोलीत आणि एक चाऱ्याच्या गोदामात. तिन्ही एका काळ्या वायरीत ओवले आहेत. याला नेटवर्क म्हणतात. तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ असते तसं समजा, फरक इतकाच की माळेतला दोरा तुटला तर निदान आधीचे फटाके वाजलेले असतात, इथं एका जागी तुटलं की मागचे पुढचे सगळे मुके. हे शिकवायला पुण्याहून एक इंजिनिअर आले होते. आठवडाभर ते फळ्यावर चौकोन काढत होते आणि आम्ही ते वहीत उतरवत होतो. मला समजलं ते असं की, एका मशीनला दुसऱ्या मशीनला काही सांगायचं असलं तर ते सगळं एका दमात सांगत नाही. मजकुराचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून कुणाला ते लिहितं आणि वायरीत सोडून देतं. तुकडा सगळ्यांच्या दारावरून जातो. ज्याचं नाव असेल त्यानं घ्यायचा, बाकीच्यांनी मान खाली घालून बसायचं. मी विचारलं की मान वर करून बघितलं तर? इंजिनिअरांनी खडू खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं प्रेमानं पाहिलं. म्हणाले, बघता येतं, म्हणूनच दुसरा विषय सुरक्षेचा.

आणखी एक गंमत. दोन मशीनं एकाच वेळी बोलली तर दोन्ही बोलणं मोडतं. मग दोघांनी गप्प व्हायचं, आपापल्या हिशेबानं थोडं थांबायचं आणि मग पुन्हा सुरू करायचं. आमचे मॅनेजर गुरुलिंगअप्पा यांना हा नियम इतका पटला की त्यांनी तो संचालकांच्या बैठकीला लावून पाहिला. दोन संचालक एकदम बोलले, नियमाप्रमाणं दोघंही थांबले, आणि मानापायी दोघंही पुन्हा सुरूच झाले नाहीत. संघ स्थापन झाल्यापासून पहिल्यांदा बैठक वेळेवर संपली.

या मशीनला धूळ चालत नाही आणि ऊनही चालत नाही. म्हणून खोलीत जायचं तर चपला दाराशी काढायच्या. गोदाम सांभाळणाऱ्या गोरोबानं तर कडब्याच्या गंजीशेजारी पोत्याचा पडदा लावून मशीनला स्वतंत्र गाभारा केला आणि रोज एक उदबत्ती लावायला लागला. चारा न्यायला आलेली माणसं पायताण काढून लांबूनच हात जोडतात. ऑफिसातल्या मशीनला कूलर आहे. तो रोज टँकरच्या दोन घागरी पाणी पितो. माझ्या खोलीवर मला एक मिळते. पहिल्या दिवशी मला त्या कूलरची लाज वाटली. मग मी मनाची समजूत घातली की हे मशीन या दुष्काळात आपल्या चाऱ्याची पाळी राखतं, त्याला दोन घागरी दिल्या तर बिघडत नाही. बेचाळीस गावं, प्रत्येक गावाला नंबराची चिठ्ठी, आणि नंबर मशीनच्या पोटात. ट्रक त्याच नंबरानं सुटणार. मशीनला कुणाची सोयरीक कुणाशी हे माहीत नाही. मला हे फार आवडलं होतं मामा. मी आजवर ज्या ज्या रांगेत उभा राहिलो ती रांग कुणी ना कुणी आलं की वाकायची. ही वाकणार नव्हती.

(मामी, बहात्तर साली आडावर आपण कुठल्या बाजूला उभे असायचो आणि आपली घागर कधी भरायची ते तुम्हाला सांगायला नको. ते आठवूनच मी वरचं लिहिलं आहे.)

आता पोळ्याची हकीकत. वायरीच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेरापेक्षाही लहान असं एक चकचकीत टोपण असतं. ते नसलं तर वायरीतलं बोलणं टोकाला आपटून माघारी फिरतं आणि सगळा घोळ होतो. कोरड्या विहिरीत हाक मारली की आपलीच हाक आपल्या अंगावर येते ना, तसं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही मशीनं मुकी झाली. आम्ही दोन दिवस वायर हातानं चाचपत गावभर फिरल्यासारखे फिरलो. शेवटी गोरोबाच्या घरी उलगडा झाला. त्याचे बैल छावणीत, म्हणून यंदा त्यानं मातीचे बैल पुजले. त्यातल्या एकाच्या शिंगाला शेंबी हवी होती, आणि गोदामातल्या वायरीच्या टोकाला ती आयतीच बसवलेली होती. दुसऱ्या शिंगाला का नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, दुसरं टोक सायबाच्या खोलीत हाय. गुरुलिंगअप्पांनी आधी त्या मातीच्या बैलाला नमस्कार केला आणि मग शेंबी काढून घेतली. यात रागवायचं काय, मला समजेना. ज्याचे खरे बैल दावणीला नाहीत त्यानं मातीच्या बैलाचं एक शिंग मढवलं, एवढीच चोरी.

खरी गोष्ट पुढं आहे. सुरक्षेच्या पहिल्या दिवशी इंजिनिअरांनी सांगितलं की प्रत्येकानं आपला एक गुप्त शब्द ठरवायचा. तो मशीनला सांगितला की मशीन तुम्हाला ओळखतं. गुरुलिंगअप्पांनी लगेच सगळ्यांचे शब्द गोळा करून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिले आणि खाली टीप दिली, सभासदांच्या माहितीसाठी. त्यांचं म्हणणं, ही सहकारी संस्था आहे, इथं सभासदांपासून काही लपवलं तर उद्या सर्वसाधारण सभेत उत्तर कोण देणार. इंजिनिअर फळा वाचून स्टुलावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. त्यातून एकच शब्द बचावला होता, आमच्या टायपिस्ट प्रमोदिनीबाईंचा. या मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरच्या. त्यांनी शब्द म्हणून यजमानांचं नाव ठेवलं होतं आणि ते काही केल्या तोंडातून निघेना. अप्पांनी विचारलं, त्यांनी पदर सारखा केला. इंजिनिअरांनी विचारलं, त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. शेवटी म्हणाल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन तोंडांचे देव आहेत, त्यांच्यापुढं पंत लावा. ऑफिसातल्या सगळ्यांना दत्तोपंत मास्तर चांगले माहीत, पण बाईंचं नाव घेणं आपण कसं उरकायचं म्हणून कुणी बोललं नाही. इंजिनिअर म्हणाले, या संस्थेत सुरक्षा फक्त या बाईंना कळली आहे. मग फळा पुसला, सगळ्यांनी नवे शब्द ठरवले आणि कुणालाही न सांगण्याची शपथ घेतली. चाऱ्याची यादी बदलायचा अधिकार एकट्या माझ्या शब्दाला दिला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

(मामी, माझा नवा शब्द मैना. आपली मैना. मी बोर्डिंगला जावं म्हणून जी मामांनी कळंबच्या बाजारात विकली आणि रिकामं दावं खांद्यावर टाकून चालत घरी आले ती. या ऑफिसात ते नाव कुणाला माहीत असणार? गेल्या महिन्यात बाजारच्या दिवशी मामा आले, मी त्यांना मशीन दाखवलं. त्यांनी विचारलं, तू काय लिहितोस की नुसत्या चांदण्याच उमटतात. इंजिनिअरांनी शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. पण ज्यांनी ती गाय विकली त्यांना मी काय सांगू, की हे गुपित आहे? मी कानात सांगितलं. त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि बराच वेळ काचेवर हात ठेवून बसले.)

आता सगळ्यांनी नीट ऐकावं. एक तारखेला, मंगळवारी, मी टँकरच्या बैठकीला शेजारच्या वाशीला गेलो होतो. त्याच दिवशी गोदामातल्या मशीनवर कुणीतरी माझा शब्द वापरला आणि यादीतल्या दोन गावांचे नंबर अदलाबदल झाले. पिंपळदरी चार नंबरला होती ती एकतीसला गेली. जे गाव एकतीसला होतं ते चारला आलं. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण चौकशी चालू आहे. इंजिनिअर पुन्हा पुण्याहून आले आणि वायरीत चोर शोधायला बसले. गोरोबाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "म्हातारं मानूस व्हतं. उन्हातनं आलतं, म्या आधी पानी दिलं. म्हनलं, गुलाबरावाचा निरोप हाय, ह्यो शब्द घाल आन् एवढा नंबर फिरव. घातला. मशिननं व्हय म्हनलं. मग म्या न्हाय म्हननारा कोन?" नाव का विचारलं नाही म्हटल्यावर तो अप्पांकडं बघतच राहिला. निरोप घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तू कोण, कशावरून, असं विचारायची आपल्यात रीत नाही. इंजिनिअर तेच तर शिकवत होते, की मशीन माणूस ओळखत नाही, शब्द ओळखतं, म्हणून विचारायचं काम माणसाचं. आम्ही ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

(इथं जरा थांबा, मामी. चष्मा पुसल्यासारखं करा आणि मामांकडं बघा. ओट्यावरही शांत झालं असेल. आपल्या वाडीत ट्रक कधी आला ते सगळ्यांना आठवत असेल.)

सोमवारी पिंपळदरीच्या जाईबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई ऑफिसात आल्या. नवरा नाही, एक म्हैस आणि तिचं रेडकू, एवढाच संसार. दारात चप्पल काढून त्या आत आल्या आणि माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली. आरडाओरडा नाही, शिवी नाही. म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाय, पर चार कळत्यात. ह्यो चारच हाय का न्हाय?" मी म्हणालो, व्हय, चारच आहे. "मग मशिनीत एकतीस कसा झाला, लेकरा? रेडकू शनवारी गेलं. म्हस अजून उभी हाय." मग त्यांनी चिठ्ठी परत घडी करून कनवटीला लावली, जशी काही ती अजून चालणार होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ट्रकबरोबर पिंपळदरीला गेलो. म्हैस उभी होती. तिच्यापुढं मी पेंढी टाकली तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. मला राग आला मामा, आणि तो आधी माझाच आला. जी रांग वाकणार नाही म्हणून मी कूलरला दोन घागरी पाजत होतो, ती माझ्याच शब्दानं वाकली होती.

(मामी, इंजिनिअर अजून वायरच तपासत आहेत. चोर वायरीतून आला नव्हता, दारातून आला होता, आणि दाराशी पायताण काढून आला होता, कारण तशी पाटी आहे. त्या एक तारखेला प्रमोदिनीबाई गोदामात कागद द्यायला गेल्या तेव्हा त्यांनी ते पडद्याबाहेर पाहिलं. बरोबर मांडून ठेवलेलं, टायरच्या तळाचं, डाव्या पायाचा अंगठा निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवलेला. त्यांनी हे फक्त मला सांगितलं आणि कुणाचं असेल असं विचारलंही नाही. ती दोरी मीच शिवली होती, बाजारच्या दिवशी, ओसरीत बसून, मामा पाय पुढं करून बसले असताना. मला हेही माहीत आहे की त्यांनी ते स्वतःसाठी केलं नाही. एका कालवडीला लागतो किती चारा. वाडीला नेहमी शेवटचंच मिळतं, एकदा तरी आधी मिळावं, एवढंच त्यांच्या मनात असणार. पण मामी, पिंपळदरीलाही नेहमी शेवटचंच मिळतं.)

काल चौकशीची पहिली बैठक झाली. इंजिनिअरांनी मला विचारलं, शब्द कुणाला सांगितला होता का? मी म्हणालो, हो, एका माणसाला. नाव? त्यांनी तीनदा विचारलं. अप्पा म्हणाले, गुलाबराव, नाव सांगा नाहीतर यादी आणि नोकरी दोन्ही जाईल, माझ्या हातात काही राहणार नाही. प्रमोदिनीबाई टाइप करत होत्या. त्यांची बोटं थांबली. त्या म्हणाल्या, "साहेब, काही नावं घेता येत नाहीत." आणि कागदावर त्यांनी टाइप केलं, नाव घेतले नाही. पुढची बैठक येत्या बुधवारी, सोळा तारखेला, अकरा वाजता आहे. असो. शिक्षण पुरतं झालं नाही, पण जेवढं झालं तेवढं तुम्हाला कळवलं. थोरांस जयभीम, लहानांस आशीर्वाद.

तुमचा भाचा,
गुलाब

ता. क. माझी जाड घोंगडी कुणी कळंबकडं येत असेल तर पाठवून द्यावी. पत्र इथं संपलं. आता सगळ्यांनी आपापल्या घरी जावं.

ता. क. दुसरा (मामी, गर्दी पांगली की हे वाचा. घोंगडी मला नको आहे. मला पाहिजे ते असं की बुधवारी भूमहून सकाळची पहिली यस्टी धरून मामांनी यावं. त्यांच्यावर कुणी ओरडणार नाही, अप्पा तसे नाहीत. आणि चौकशी संपली की मी त्यांना पिंपळदरीला नेणार आहे, जाईबाईंच्या दारात. खरं भ्यायचं असेल तर तिथं भ्यावं, मलाही तिथंच भीती वाटली.)

ता. क. तिसरा (ते आले नाहीत तर मी लिहून देणार आहे की शब्द मीच सैल ठेवला. ते खोटंही नाही. नोकरी गेली तर गेली. हे त्यांना धाक म्हणून सांगू नका. पायताण घालताना त्यांचं लक्ष त्या निळ्या दोरीकडं जाईलच, तेवढं पुरे आहे.)

ता. क. चौथा (इंजिनिअरांनी सगळ्यांना पुन्हा नवे शब्द ठेवायला लावले. बुधवारपर्यंत मलाही एक दिला आहे. तो कुणालाही सांगायचा नाही अशी पुन्हा शपथ झाली आणि मी ती या पत्रात पुन्हा मोडतो आहे, कारण तुम्हाला तो सांगायची गरजच नाही. लग्न झाल्या दिवसापासून तो तुम्हाला ठाऊक आहे आणि आजवर तो तुमच्या तोंडून कुणी काढू शकलेलं नाही. बुधवारी अकरा वाजता तो माझ्याही तोंडून निघणार नाही. ज्याचा आहे त्यानंच येऊन तो सांगावा.)